नऊवारीतली देवी

काळ्या कापडात डोकं घातलं की उन्हाने तापलेल्या लाकडी पेटीचा वास यायचा आणि कॅमेऱ्याच्या काचेवर सारं जग खाली डोकं वर पाय होऊन अवतरायचं. म्हसवडच्या पुढच्या माळावर, एका एकाकी देवळापाशी, त्या सकाळी मला काचेत दिसलं ते एक हिरवंगार लुगडं!

आणि देवळाच्या बाहेरच्या कोनाड्यातली देवी? ती त्या लुगड्याच्या आत होती. जिच्या कमरेच्या लयदार वळणासाठी सांगलीच्या मुलींच्या शाळेतली मी चित्रकलेची बाई एवढं अवजड धूड घेऊन तिथवर आले होते, ती नऊवारीत गुडूप झाली होती. चूक माझीच. फोटो काढायला येते, असा निरोप आगाऊ धाडण्याचा शहाणपणा मी केला होता. आणि फोटो म्हटला की आपल्या माणसाला नेसवून सजवून उभं करायचं, ही तिथली रीत. लढाईमुळे फोटोच्या काचा मिळेनाशा झालेल्या, माझ्यापाशी उरलेली एकच. ती लुगड्यावर घालवली, तर माझ्या वर्गातल्या मुलींनी आणखी वर्षभर माठ आणि तांबेच काढत बसायचं का?

लुगडं उतरवा म्हणून मी विनवण्या केल्या. देवळाची पूजा बघणाऱ्या म्हाताऱ्या बयाक्कांनी नाही म्हणून मान हलवली. साताऱ्याहून आलेल्या दोन फोटोग्राफरांनाही त्यांनी असंच परत पाठवलं होतं म्हणे. मी हिरमुसून पेटी आवरू लागले, तशा त्या जवळ आल्या आणि मला नीट न्याहाळत म्हणाल्या, "आवं, ते बाप्ये हुते. तुमी बाईमाणूस. तुमच्याम्होरं तिला कसली लाज?"

मग काय! टांगेवाल्याला ओढ्यापलीकडे पिटाळलं. रस्त्याच्या बाजूने, फोटो बघायला जमलेल्या बायकांपैकी चौघींनी पदरांचा आडोसा धरला, लुगडं उतरलं, आणि ते पाषाणातलं लावण्य सकाळच्या उन्हात न्हाऊन निघालं. बाईचा जन्म मिळाल्याचा इतका निखळ आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. भिंगावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले, झाकण लावलं.

"फकस्त पोरीच बगणार न्हवं?" बयाक्कांनी निघताना विचारलं. मी शब्द दिला.

फोटो सुरेख आला. पुढे मुलांच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर तो मागायला आले. मी नाही म्हटलं, आणि ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलींनी मात्र त्यावरून काढलेली चित्रं हौसेने घरोघरी भिंतींवर लावली, आणि त्यांचे बापभाऊ येता-जाता ती बघू लागले. चित्रांचं बयाक्कांनी काही विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून काही बोलले नव्हते.