कोळशाची रेघ

मी माकणीहून निघाले त्या दिवशी आईच्या हाताला कोळसा लागला होता. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायचं काम तिनं नेमकं त्याच सकाळी काढलं होतं. उबवायच्या प्रत्येक अंड्यावर ती कोळशानं रेघ ओढते, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं त्या पाटीत नवं अंडं घातलं तर ओळखून काढता येतं. मी एसटीत चढताना तिनं तेच काळं बोट माझ्या कानामागं टेकवलं. "दृष्ट नगं लागाय. दोन वर्षं म्हणलीस, दोनच वर्षं बरं का."

सात झाली. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. मागाहून नवरा आला, इथंच ईरा झाली. मधे एकदाच गावी जाऊन आले, तेव्हा ईरा रांगत होती. मी दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते, भरवते, आणि माझ्या आईला रविवारी फोनवर बघते. लाज वाटायला हवी, पण खरं सांगू का, नुसता शीण वाटतो. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना हे कळेल.

यंदा ईस्टरला ईरा शाळेतून अंडी रंगवायचं शिकून आली. महिनाभर आम्ही कांद्याची टरफलं जमवली. अंड्यावर कोथिंबिरीचं पान दाबायचं, जुन्या पातळ मोज्यात घट्ट बांधायचं आणि टरफलांच्या पाण्यात उकडायचं. अंडं तांबूस होतं, पानाची नक्षी तेवढी पांढरी राहते. आमचे वडील माळकरी. आईनं जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण घरात अंडं कधी शिजलं नाही. आणि मी ड्यूटीवरून आल्या पावली दहा अंडी उकडत उभी!

शेवटच्या अंड्याला पान उरलं नाही. "आई, तू काहीतरी काढ ना," ईरा म्हणाली. मी पेन्सिलीनं एक रेघ ओढली. हातानं आपोआपच ओढली.

रविवारी आईनं फोनवर ती रेघ बघितली. "अगं, ही तर बसवायची रेघ! उकडल्यालं अंडं व्हय ते?" मनापासून हसली. मग तिनं फोन पाटीकडं नेला. आत कोंबडी बसलेली. "उन्हाळ्यात बसवू न्हाय म्हणत्यात, लई अंडी वाया जात्यात. पर पोरीला मे मधी पिल्लं बघायचीत न्हवं? खाली वाळू घातलीया, दोन टायमाला भिजवती."

मे महिन्यात आम्ही गावी जायचं ठरलं होतं. पण आठवड्यापूर्वीच मी दुसऱ्या नोकरीच्या कागदावर सही केली होती. पहिले सहा महिने रजा नाही. जरा हलकं काम मिळेल म्हणून घेतली, आणि आईला सांगायचं टाळत राहिले. आता सांगितलं.

तिनं कोंबडीखाली हात घालून अंडी सारखी केली. "बरं," म्हणाली. "आता बसलीया ती. अर्ध्यात उठवता येत न्हाय."

ईरानं सगळी अंडी वाटली, खाल्ली. रेघेचं अंडं मात्र मला सोलवेना. शेवटी नवऱ्यानं खाल्लं.

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी पूर्वी नकाशावर बोट ठेवून दाखवायचे. आता काय दाखवू? आपण येणार नाही हे कळल्यावरही आपल्यासाठी मांडलेलं जिथं कुणी मोडत नाही, ते घर, एवढंच मला कळलंय. काल पुन्हा फोन लावला. आईनं आधी पाटी दाखवली. वाळू ओली होती.