कीबोर्डवरचा नारळ

दसऱ्याला दुपारी डोंबिवलीतल्या घरी जुना कॉम्प्युटर लावला, तर पडदा काळाच राहिला आणि आतून बीप बीप सुरू झालं. मी हादरलो. कर्मकांडाची टर उडवणारं माझं पुस्तक त्यातच होतं, दुसरी प्रत नव्हती. केबल काढून लावल्या, रॅम पुसून बसवली, तरी तेच.

"अहो, सरका. नारळ फोडायचाय," म्हणत बायकोने सकाळी पूजा करून कीबोर्डवर ठेवलेला नारळ उचलला. मी पुन्हा बटण दाबलं, तर मशीन मुकाट सुरू झालं. नारळाखाली कळा दाबल्या गेल्या होत्या.

मी सुन्न झालो. इतका वेळ तो नारळ हलू नये म्हणून मीच जपत होतो.

"बघा, पूजेचा गुण!" ती म्हणाली.

मी आधी पुस्तकाची प्रत काढली.