चार राउंडची शॉटगन

हॅलिफॅक्सहून आमची तुकडी थेट उत्तरेच्या बर्फाळ नुनावुतला निघाली तेव्हा मार्च महिना होता. मी सैन्याच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ राखीव दलात, कॉर्पोरल होते. काम वेपन्स टेक्निशियनचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करण्याचं. एरवी मी एका मशीन शॉपमध्ये नोकरी करायचे. आठवड्यातली एक संध्याकाळ आणि काही वीकेंड युनिफॉर्ममध्ये जायचे. नागपूरला मेकॅनिकल केलेलं होतं. नुसतं पीआर असताना, म्हणजे नागरिकत्व नसतानाही, सैन्यात अप्लाय करता येतं, हे इथे आल्यावर कळलं. मी केलं, आणि त्यांनी घेतलं.

निघण्याआधी आईला फोन केला.

"त्या अस्वलाच्या गावाले कायले जातं वं?" आई म्हणाली.

"ड्यूटी आहे, आई."

"मंग जाय. पोटभर खात जाजो."

काम साधं होतं. समुद्र गोठलेला असतो, त्या बर्फावर तळ टाकायचा. बर्फाला भोक पाडून नेव्हीचे दोन डायव्हर खाली उतरणार, आणि आम्ही त्यांना वरून सांभाळायचं. जेमतेम डझनभर माणसं. आमचा प्रमुख सार्जंट डंकन गिलिस, केप ब्रेटनचा. कमी बोलायचा. कुणी चूक केली तर ओरडायचा नाही. जवळ येऊन ते काम स्वतः एकदा करून दाखवायचा आणि निघून जायचा. सोबत जोआनासी नावाचा गाईड होता, तिथल्या मूळच्या इनुइट लोकांतला. बर्फ कुठे चालण्याजोगा आहे आणि कुठे नाही, यात त्याचा शब्द शेवटचा.

त्या भागात पांढरी अस्वलं असतात. त्यामुळे तळावर कायम पहारा. त्यासाठी आमच्याकडे दोन पंप-ॲक्शन शॉटगन होत्या. बॅरलखाली एक नळी असते, तिच्यात राउंड, म्हणजे काडतुसं, एकामागे एक भरतात. पुढची मूठ मागेपुढे ओढली की एक राउंड वर येतो. आमच्या नळीत चार राउंड बसायचे. नियमाप्रमाणे पहिले दोन नुसत्या आवाजाचे, अस्वलाला पळवून लावण्यासाठी. उरलेले दोन स्लग, म्हणजे खऱ्या गोळ्या. जोआनासीला हे पटत नव्हतं.

"दोन कमी आहेत," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "चिडलेलं अस्वल दोनात थांबत नाही."

सार्जंटने वरून परवानगी घेऊन दोन एक्स्टेन्शन किट मागवले होते. जुन्या नळीच्या तोंडावर आणखी एक नळी चढवायची, आत लांब स्प्रिंग घालायची, की चारचे सात राउंड होतात. तळाजवळच्या गावातल्या एका गराजमध्ये मला जागा मिळाली. आत हीटर होता, तरी हात गार पडायचे.

पहिली शॉटगन घेतली. रिकामी आहे याची खात्री केली. पुढची टोपी सोडवली, जुनी स्प्रिंग अंगठ्याने दाबून धरत हळूहळू बाहेर काढली. ती सुटली तर गराजच्या दुसऱ्या टोकाला जाते. नळी आतून पुसली. तेल घातलं नाही, कारण त्या थंडीत तेलाचा डिंक होतो; कोरडी ग्रॅफाइटची पूड लावली. स्प्रिंगच्या टोकाला फॉलोअर असतो, राउंड मागे ढकलणारी छोटी वाटी. ती आत घातली, लांब स्प्रिंग बसवली, नवी नळी फिरवून आवळली, बॅरलला क्लॅम्प लावला. मग सात ड्रिल राउंड, म्हणजे सरावाचे खोटे, भरले आणि पंप करत बाहेर काढले. सातही आले. पुन्हा केलं, पुन्हा आले. शॉटगन बाहेर थंडीत ठेवली, गारठू दिली, आणि तिथेच परत करून पाहिलं. चालली.

दुसरी शॉटगन मात्र चालेना. तिच्या नळीचं तोंड कधीतरी कशावर तरी आपटलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला लागत होतं. नवी नळी चढत होती, पण सरळ बसत नव्हती, आणि जोडाशी आत केसभर पायरी राहत होती. तीन राउंड बाहेर आले की फॉलोअर त्या जोडापाशी पोचतो. कधी सरकायचा. कधी तिथेच अडकायचा, आणि उरलेले चार राउंड मागून ढकलणारं काहीच नसल्यामुळे नळीत नुसते पडून राहायचे. मी घासून पाहिलं. थोडं सुधारलं. पूर्ण नाही. बदली नळी आमच्याकडे नव्हती.

सार्जंट आला.

"दोन्ही झाल्या?"

"एक झाली. दुसरीवर मी सही करणार नाही."

"का?"

मी त्याच्या हातात दिली. त्याने राउंड भरले, पंप केलं. सगळे आले. माझ्याकडे पाहिलं. परत भरले. चौथा आला नाही. त्याने मूठ दोनदा ओढली, रिकामी.

"आता काय करणार, मेश्राम?"

"एक्स्टेन्शन काढते. जुनी स्प्रिंग परत घालते. चारची राहील, पण चारही नक्की येतील."

"ओके. तसं कर."

एवढंच. त्याने वाद घातला नाही.

सातची कुणाकडे जाणार हे त्यानेच ठरवलं. ती डाइव्ह टेंटपाशी, म्हणजे डायव्हरांच्या भोकावरच्या तंबूपाशी, राहील आणि मी तिथल्या पहाऱ्यावर असेन. बाहेरचा पहारा, बर्फाच्या उंचवट्याजवळचा, सार्जंट स्वतः चारची घेऊन करेल.

मी म्हटलं, "सार्जंट, बाहेरच्या पोस्टला जास्त राउंड लागतील."

"टेंटमधली माणसं दोर धरून उभी असतात. ती जागा सोडू शकत नाहीत. माझ्या हातात दोर नसतो."

ते घडलं त्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. जोआनासी इंधन आणायला स्नोमोबाइलने गावात गेला. जाताना सार्जंटला म्हणाला, "वारा फिरला तर डाइव्ह बंद ठेव." दुपारी डायव्हर खाली उतरले तेव्हाही वारा नव्हता. उतरल्यानंतर थोड्याच वेळात वारा सुटला. जमिनीलगतचा बर्फ उडायला लागला आणि पाहता पाहता पन्नास पावलांपलीकडचं काही दिसेना. टेंटमध्ये डायव्हरांना वर बोलावण्यासाठी दोर खेचायला सुरुवात झाली होती. ते भोकापासून बरेच लांब गेले होते.

रेडिओवर सार्जंटचा आवाज आला.

"बेअर. नॉर्थ साइड. एक, मोठं. टेंटकडे येतंय."

"रॉजर," मी म्हटलं. "डायव्हर अजून खाली आहेत."

"किती वेळ?"

मी आत विचारलं. डाइव्ह सुपरवायझरने डोकं वर केलं नाही. "येतायत. घाई केली तर दोर अडकेल."

मी तेच रेडिओवर सांगितलं.

"रॉजर. मी मध्ये उभा राहतोय. मेश्राम, टेंट सोडू नको. आणि उत्तरेला फायर करू नको, मी तुझ्या लाइनमध्ये आहे. कन्फर्म."

"टेंट सोडणार नाही. उत्तरेला फायर नाही. कन्फर्म."

पहिला आवाजाचा राउंड फुटला. मग दुसरा. मधे वारा. मला वाटलं, गेलं. मग स्लगचा आवाज आला. तो वेगळा असतो, जड. लगेच दुसरा. चार झाले हे मला मोजावं लागलं नाही. मी रेडिओ दाबला.

"सार्जंट?"

रेडिओत नुसती खरखर.

"सार्जंट गिलिस, कम इन."

मागे भोकात पहिल्या डायव्हरचं डोकं वर आलं. त्याला ओढून घेणाऱ्यांचे श्वास मला ऐकू येत होते. दुसरा अजून खाली होता. माझ्या पायांना उत्तरेकडे धावायचं होतं. ऑर्डर टेंट सोडू नको अशी होती. मी सोडला नाही.

अस्वल उत्तरेकडून आलं नाही. वळसा घालून पश्चिमेकडून आलं. आधी काळं नाक दिसलं, मग बाकीचं. खांद्यावर रक्त होतं. ते पळत नव्हतं, चालत होतं. आवाज करून पळवायची वेळ गेलेली होती. मी पहिले दोन राउंड न उडवता पंप करून बर्फात टाकले आणि तिसरा, म्हणजे पहिला स्लग, चेंबरमध्ये घेतला. नळीत चार उरले. म्हणजे फॉलोअर आता जोडावर होता.

फायर केलं. अस्वल थांबलं नाही. मूठ मागे ओढली, पुढे ढकलली, आणि राउंड वर चढल्याचा धक्का हाताला लागला. त्या धक्क्याइतकं स्पष्ट मला आयुष्यात काही जाणवलेलं नाही. फायर केलं. ते गुडघ्यांवर आलं. तिसऱ्यानंतर ते उठलं नाही.

"दुसरा वर आला!" टेंटमधून कुणीतरी ओरडलं.

मग मी धावले.

सार्जंट आपल्या जागेपासून फार हललेला नव्हता. मागे सरकल्याच्या खुणा बर्फात नव्हत्या. हातमोजा काढलेला होता आणि उघड्या हाताजवळ एक स्लग पडला होता. पाचवा भरत होता, तेवढ्यात अस्वलाने त्याला गाठलं होतं. तो शुद्धीवर होता. मेडिक माझ्या मागोमाग पोचला आणि कामाला लागला.

"डायव्हर?" सार्जंटने विचारलं.

"दोघंही वर आहेत."

"माझी शॉटगन क्लिअर कर."

मी उचलली. उघडून रिकामी दाखवली. "क्लिअर, सार्जंट."

त्याने मान हलवली. आम्ही त्याला स्लेडवरून तळावर आणलं. मेडिक थांबला नाही, रेडिओवाला थांबला नाही, पण त्या वाऱ्यात विमान उतरणं शक्य नव्हतं. जोआनासी वाट चाचपत परत आला तेव्हा अजून उजेड होता. तो सार्जंटच्या पायाशी बसला आणि त्याच्या बुटांवरचा बर्फ हाताने झाडत राहिला. अंधार पडायच्या आत सार्जंट गेला.

पुढे चौकशी झाली. एका मेजरने मला विचारलं, "दुसरं एक्स्टेन्शन तुम्ही का नाकारलं?" मी तीच शॉटगन, तीच नळी मागवली आणि त्यांच्यासमोर जोडली. पहिल्यांदा सातही आले. दुसऱ्यांदा तिसऱ्यानंतर अडकली. त्यांनी निर्णय योग्य ठरवला.

निर्णय योग्य होता हे मलाही माहीत आहे. नळी अडकली असती तर सार्जंटला दोन आवाजाचे आणि एकच स्लग मिळाला असता. अडकली नसती तर पाच स्लग. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. घरी मी ती नवऱ्याला, संदीपला, बरेच महिने सांगत राहिले. तो दरवेळी ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "तू त्याच्या बायकोला भेटून ये. मी चालवतो गाडी."

मोरीनने, म्हणजे सार्जंटच्या बायकोने, आम्हाला किचनमध्ये बसवलं. चहा दिला. मी सगळं सांगितलं; दुसऱ्या शॉटगनचंही. तिने मधे एकदाही थांबवलं नाही.

शेवटी विचारलं, "त्याच्या हातातली बंदूक ऐन वेळी बंद पडली का?"

"नाही. चारही राउंड सुटले."

"मला रोज तेच वाटायचं," ती म्हणाली. "की ती बंद पडली, आणि तो नुसता ओढत राहिला." मग ती उठली आणि बराच वेळ सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. संदीपने माझ्या हातावर हात ठेवला. निघताना तिने मला घट्ट धरलं.

माझी सैन्यातली मुदत संपली तेव्हा मी ती वाढवून घेतली नाही. मशीन शॉपमधली नोकरी चालू आहे. नोव्हेंबरात रिमेम्ब्रन्स डेला, म्हणजे गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, आम्ही केप ब्रेटनला जातो. मोरीनचं गाव लहान आहे. बंदराजवळ एक दगडी स्मारक आहे, त्यावर मोठ्या युद्धांतली नावं आहेत. सार्जंटचं नाव दगडावर नाही, ते वाचून दाखवतात. गेल्या वर्षी मोरीनने मला वाचायला सांगितलं. वारा होता, माणसं टोप्या काढून उभी होती. मी पुढे झाले.

"सार्जंट डंकन गिलिस," मी म्हटलं.

नाव मागच्या रांगेपर्यंत गेलं नसेल असं वाटलं. म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने घेतलं.