चौथं शील

माझं तोंड जरा सैल आहे, हे अख्ख्या खडकीला ठाऊक आहे. पण त्या रविवारी विहारात मी ओरडले ते काही वाईट मनानं नाही.

आमच्याकडे रविवारी सकाळी नऊला वंदना असते. माझा भाचा प्रज्ञेश पुढे बसून पंचशीलातलं एकेक शील म्हणतो आणि आम्ही सगळे त्याच्यामागून म्हणतो. बारा वर्षांचा होता तेव्हापासून हे काम त्याच्याकडे. इंजिनिअर झाला, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत लागला, लग्न झालं, पण रविवार कधी चुकवला नाही. त्याचा बाप तात्याराव म्हणजे माझा धाकटा भाऊ. दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं राबला. पोरगा एसीत बसून काम करतो हे सांगताना त्याची छाती फुगायची. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत त्याच छातीची बायपास झाली. डॉक्टरांनी बजावलं, मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका.

तर एप्रिलातल्या त्या रविवारी तिसरं शील झालं आणि पोरानं एकदम पाचवं घेतलं. मी काय ऐकून घेणार?

"अरे, चौथं राहिलं!"

बायका खुदकन हसल्या. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. प्रज्ञेशचे कान लालबुंद झाले, पण त्यानं ते म्हटलं नाही. वंदना तशीच संपवली. बाहेर चपला घालताना मी चिडवलंच, "कंपनीवाले एवढा डोक्याचा भुगा करतात काय रे?" एरवी उलट उत्तर देणारा पोरगा चपला हातात घेऊनच निघून गेला.

पुढच्या रविवारी परत तेच. एकदा विसरला, ठीक आहे. पण दोनदा? मी त्याचा दंड धरला आणि विहारामागच्या नळापाशी नेला.

"काय चाललंय तुझं? अर्धवट शील घेतात का कुठं?"

"आत्या, जे मी पाळत नाही, ते चारचौघांना माझ्यामागून कसं म्हणायला लावू?"

"कसलं खोटं बोललास एवढं?"

"नोकरी गेली. दीड महिना झाला."

अमेरिकेत काहीतरी कोसळलं म्हणे, आणि इथं एका दुपारी चाळीस पोरांना खोलीत बोलावून घरी जा सांगितलं. मेल्यांनी गळ्यातलं कार्डसुद्धा तिथंच काढून घेतलं. तेव्हापासून हा रोज आठला डबा घेऊन निघतो आणि सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत, परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये बसून अर्ज पाठवत राहतो. सुनेला, चैतालीला, माहीत होतं. तात्याला नव्हतं. आणि मी या पोराचं सगळ्यांदेखत हसं केलं होतं! मला माझीच लाज वाटली.

"मग गप्प बस," मी म्हटलं. "मीही बसते. तात्याच्या जिवापेक्षा मोठं काही नाही. आणि थोडे दिवस दुसऱ्या कुणाला तरी पुढं बसू दे."

"ते नको, आत्या." त्याचा आवाज बारीक झाला. "आठवडाभर मला कुणी विचारत नाही. अर्जाला साधं नाही म्हणून उत्तरही येत नाही. इथं मी म्हणतो आणि सगळे मागून म्हणतात. तेवढा एक तास वाटतं, मी अजून कुणीतरी आहे. त्या तासावर पुढचे सहा दिवस काढतो. पण चौथं आलं की ते तोंडातून निघतच नाही."

पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि घरी पाठवलं.

तिसऱ्या रविवारी विहारात शिरते तर काय, पहिल्या रांगेत खुर्चीवर तात्याराव! ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बाहेर पडलेला, पांढरा शर्ट अंगात ढगळ झालेला. शेजारी चैताली. मनात म्हटलं, पोरा, आज तेवढं म्हणून टाक रे. बापासाठी म्हण.

पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. प्रज्ञेश थांबला. आम्ही हात जोडून वाट बघतोय. तो उठला आणि बापाकडे वळला.

"बाबा, माझी नोकरी गेलीय. मार्चमध्येच. ऑफिसला म्हणून निघायचो आणि सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसायचो. मी तुमच्याशी रोज खोटं बोललो."

मग परत बसला, बुद्धमूर्तीकडे तोंड केलं, आणि चौथं शील सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ म्हटलं.

मागून कुणी म्हणेना. मी तर तात्याच्या छातीकडेच बघत होते, आता काय होतंय म्हणून. त्यानं जोडलेले हात सोडले नाहीत. आणि एकट्यानं चौथं शील म्हटलं. मग चैतालीनं म्हटलं. मग आम्ही. मीही म्हटलं बाई, कारण लपवालपवीत मीही होतेच.

प्रज्ञेश खाली मान घालून नुसता बसून राहिला.

"पाचवं राहिलं," तात्या म्हणाला.

वंदना पुरी झाली. घरी जाताना तात्यानं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता, एक प्रज्ञेशच्या. हळूहळू चालत होतो. माझा जीव टांगणीला. कोपऱ्याशी तो थांबला, दम घेतला.

"अभ्यासिकेत डबा कुठं खायचास?"

"आत खाऊ देत नाहीत, बाबा. बाहेर जिन्यावर बसायचो."

"एकटाच?"

प्रज्ञेशनं मान डोलावली. तात्याचे डोळे भरून आले, पण आवाज कारखान्यातला, खणखणीत निघाला.

"उद्यापासून दुपारी घरी यायचं. मला एकट्याला जेवण जात नाही."