रांगोळीवरून गेलेली गाडी

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की गाडीत काही बिघडलं तर समोरच्या पडद्यावर दिवा लागतो आणि काय झालंय ते गाडीच सांगते. आमच्या गाडीला वाचा नव्हती. ती नुसती बाजूला जायची. का जाते ते शोधायला घरातली तीन माणसं, एक मिस्त्री आणि डबाभर रांगोळी लागली. ती हकिगत तुम्हाला ठाऊक असावी असं वाटतं, कारण तुमच्या आजोबांनी ती नेहमी अर्धीच सांगितली.

गाडी दोन माणसांची, उघडी, विलायती बनावटीची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. आजोबांनी ती लग्नाआधी कॅम्पातल्या एका वृद्ध पारशी वकिलांकडून घेतली होती, म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाही ती तरुण नव्हती. सीट इतकी खाली की शेजारून जाणाऱ्या सायकलचं पॅडल कानाशी येई. मी तिच्यावरच शिकले आणि मग एरंडवण्यातल्या घरून कॅम्पातल्या शाळेत विज्ञान शिकवायला रोज तिच्यातून जाऊ लागले. साडी नेसलेली बाई उघडी गाडी चालवत लकडी पुलावरून निघाली की सायकलवाले मागे वळून बघत आणि पुढच्याला धडकत. मला ते आवडत असे, हे आता सांगायला हरकत नाही.

एका दिवाळीनंतर गाडी भटकायला लागली. स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना तोंड आधी डावीकडे वळे, मग उजवीकडे. गल्लीत हे जाणवत नसे, पण मोठ्या रस्त्यावर हात आखडून येत. रविवारी आजोबा चालवायला बसत तेव्हा गाडी बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागे. त्यामुळे निदान लवकर झालं.

"तू पाय सारखा उचलतेस," ते म्हणाले. "एकदा दाबला की दाबून ठेवायचा. मला बघ काही होतंय का."

सासूबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्यापुढे रस्ताच मोकळा होतो रे. लोक जीव घेऊन पळतात."

भवानी पेठेत आमचे मिस्त्री होते. त्यांचे आजोबा टांग्यांची चाकं बनवत, वडील मोटारींकडे वळले, आणि मिस्त्री दोन्ही पिढ्यांचं शहाणपण बाळगून होते. आजोबांनी त्यांना सांगितलं की स्टिअरिंग बिघडलंय. त्यांनी स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे सांधे बदलले. मग चाकं ज्या खुंट्यांवर वळतात त्या किंगपिना बदलल्या, स्टिअरिंग बॉक्स उघडून पुन्हा बसवला आणि पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही नवे घातले. प्रत्येक वेळी आम्हा सगळ्यांना वाटे की आता बरं आहे, आणि दोन दिवसांत गाडी मूळ पदावर येई.

मग एका सकाळी पुलावर माझ्या पुढे एक हातगाडी आडवी आली. मी वेग कमी करायला पाय उचलला आणि गाडी आपली आपण उजवीकडे, समोरून येणाऱ्या बसच्या अंगावर निघाली. बस चालवणाऱ्याने ब्रेक लावले म्हणून मी हे लिहिते आहे. संध्याकाळी मी ते घरी सांगितलं. आजोबा म्हणाले की गाडी विकू या.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. लोणी काळभोरचे एक शेतकरी सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या आपल्या जमिनीवर मंगल कार्यालय बांधत होते. त्यांना दारात चौथरा करून त्यावर ही गाडी ठेवायची होती, नवरानवरीला तिच्यात बसून फोटो काढता येतील म्हणून. ती चालली नाही तरी त्यांची हरकत नव्हती. रविवारी येतो, म्हणाले.

मला शाळेत जायला बस होती. गाडी गेल्याचं दुःख मी सोसलं असतं. पण बायकोच्या हातात दिली आणि बिघडली, हे वाक्य तिच्यामागे घरात राहिलं असतं, आणि पुढची गाडी आली असती तेव्हा तिची किल्ली माझ्या हातात पडली नसती. म्हणून मी आजोबांकडे रविवारपर्यंतचा वेळ मागितला, आणि तोवर कुणीही गाडीला पाना लावायचा नाही अशी अट घातली.

प्रयोगशाळेत मी मुलींना सगळ्यात आधी एक शिस्त लावत असे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. आम्ही मात्र दर खेपेला तीन गोष्टी बदलून एक कौल मागत होतो. मी प्रथम पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून घेतली. टायरचा दोष असता तर ओढ बाजू बदलून आली असती. ती होती तशीच राहिली, म्हणजे टायर निर्दोष सुटले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं हडपसरच्या पुढे गेलो. रस्ता सरळ आणि रिकामा होता. मी हात स्थिर ठेवले आणि फक्त पायाकडे लक्ष दिलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडी डावीकडे. सोडला, उजवीकडे. पुन्हा दाबला, पुन्हा डावीकडे. एकदाही चुकली नाही. मग आजोबांना चालवायला बसवलं आणि सांगितलं की मी डॅशबोर्डवर टिचकी मारली की पाय उचलायचा. पहिल्या टिचकीला गाडी त्यांच्या हातातही उजवीकडे निघाली. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"अहो, स्टिअरिंगने कोणती चाकं वळतात?" मी विचारलं.

"पुढची."

"आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जोर कोणत्या चाकांवर येतो?"

"मागच्या," ते म्हणाले.

तुम्हाला समजावं म्हणून सांगते. त्या गाडीत मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी अ‍ॅक्सल असे, आणि तो दोन टोकांना पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यांवर, म्हणजे कमान पाट्यांवर, बसवलेला असे. त्याचं एक टोक जरी बोटभर पुढेमागे सरकलं तरी मागची चाकं तिरकी होतात. भाजीवाल्याची हातगाडी मागून उजवीकडे रेटली की तिचं तोंड डावीकडे वळतं, तसंच. माझा अंदाज असा होता की आमच्या अ‍ॅक्सलचं एक टोक सुटलं असावं. पण अंदाजावर कुणी गाडी खोलत नाही. अंदाज डोळ्यांना दिसायला हवा होता.

शनिवारी सकाळी सासूबाई दारात रांगोळी काढत होत्या, त्यांच्या हाताकडे बघताना मला युक्ती सुचली. मी त्यांचा डबा मागितला आणि घरासमोरच्या डांबरावर, गल्लीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, रांगोळीचा रुंद पट्टा ओतला.

"आमच्या माहेरी रांगोळीवर पाऊल पडलं तर बोलणी खावी लागत," सासूबाई म्हणाल्या. "इथे चाकं फिरणार. फिरवा."

पट्ट्यावरून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत गाडी नेली. काळ्या डांबरावर पांढरे ठसे उमटले, पुढच्या चाकांचे आणि त्यांच्यावर मागच्यांचे. गाडी सरळ असेल तर ते एकमेकांवर नीट बसायला हवेत. मी उतरून येईपर्यंत सासूबाई पदर खोचून ठशांजवळ बसल्या होत्या. ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका चुकला तर फाटकातून ओळखणाऱ्या बाई त्या.

"मागची रेघ उजवीकडे सरकलीय," त्या म्हणाल्या. "दोन्ही चाकांची. हे बघ."

रस्ता झाडला, पुन्हा पट्टा ओतला आणि या वेळी त्यावर पाय उचलला. मागची रेघ डावीकडे आली. तोवर शेजारच्या गच्चीत चहाचे कप घेऊन मंडळी उभी राहिली होती. आजोबा एकदा ठशांकडे बघत, एकदा माझ्याकडे. मग ते चप्पल घालून मिस्त्रींना आणायला स्वतः गेले.

पाय दाबला की मागची चाकं उजवीकडे वळत होती, म्हणजे अ‍ॅक्सलचं डावं टोक पुढे सरकत होतं; तेच सुटलेलं असणार होतं. मी मिस्त्रींना तेवढंच खोलायला सांगितलं. गाडीखाली पाठीवर सरकलेल्या मिस्त्रींचा हात थोड्या वेळाने बाहेर आला. तळहातावर एका बोल्टचं तुटलेलं डोकं होतं. अ‍ॅक्सलला कमान पाट्यांवर जागच्या जागी धरून ठेवणारा मधला बोल्ट तो हाच.

"भाभी, साहेब म्हणाले स्टिअरिंग, मी स्टिअरिंग बघितलं," ते बाहेर येऊन म्हणाले. "पोट दुखतं म्हणून आलेल्या माणसाचा गुडघा कोण तपासतो? पण हा बोल्ट आपोआप तुटत नाही. डाव्या बाजूला वजन काय घातलं होतं?"

सगळ्यांची नजर अंगणाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे दगडी उखळ होतं. दिवाळीत आजोबा आणि सासूबाई सासवडकडच्या गावी गेले होते. सासूबाईंना माहेरचं उखळ हवं होतं. दोन गड्यांनी ते उचलून सासूबाईंच्या, म्हणजे डाव्या, सीटमागे ठेवलं, आणि ती स्वारी दिवे घाट उतरून पुण्यात आली होती.

"मी म्हटलं होतं बैलगाडीने पाठवा म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "हाच म्हणाला, विलायती गाडी आहे, काहीही नेईल."

"नेलं की," आजोबा हळूच म्हणाले. त्या दिवसानंतर माझ्या पायाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

मिस्त्रींनी त्याच दुपारी नवा बोल्ट घातला. रविवारी लोणीचे पाहुणे पांढरी टोपी घालून, जीप घेऊन आले. चहा झाल्यावर मी त्यांना म्हटलं, एक चक्कर मारू या. मोठ्या रस्त्यावर मी वेग घेतला, पाय उचलला, पुन्हा दाबला, आणि हात स्टिअरिंगवर नुसते टेकवून ठेवले. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ जात होती. पाहुणे घट्ट धरून बसले होते, पण सगळं बघत होते. घरी आल्यावर ते आजोबांसमोर उभे राहिले.

"साहेब, गाडी तर सरळ हाय. मग इकता कशापायी?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "विकत नाही," ते म्हणाले. "गाडी हिची आहे. तुम्हाला उगाच खेप पडली, माफ करा."

"खेप कशाला फुकट जाईल," ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या. "लग्नघरात हळद कुटायला उखळ लागतंच. ते घेऊन जा. आमच्याकडे त्याने बरंच कुटून झालंय."

त्यांनी ते खरंच नेलं. जीपमध्ये, बरोबर मधोमध ठेवून. मीच तशी जागा दाखवली.

पुढे कुणाचीही गाडी बाजूला ओढते असं कानावर आलं की आजोबा पुढे होत आणि गंभीरपणे विचारत, "पाय उचलल्यावर काय करते?" प्रश्न कुणाचा ते सांगत नसत. पण फाटकाजवळच्या खिळ्यावर गाडीची किल्ली असे, आणि ती आधी माझ्या हातात येई.

पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शाळेला निघाले. पुलाच्या मधोमध समोरून बस येत होती. मी मुद्दाम पाय उचलला. गाडी सरळ गेली.