आधी दार बघू

"आधी दार बघू," असं म्हणून बाई उंबऱ्यावरच थांबायच्या. एका हाताने दार ढकलायचं, मग ओढायचं, कडी वर-खाली करून बघायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. मग तो वर्ग असो, शिक्षकखोली असो की माझं कपाटांनी गच्च भरलेलं ऑफिस. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नात दादरच्या हॉलवरही त्यांनी हेच केलं. दाराशी मुली अत्तर लावायला उभ्या, आणि बाई त्यांना बाजूला सारून दाराच्या बिजागऱ्या तपासतायत. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. गॅस बंद केला की नाही म्हणून कोपऱ्यावरून तीनदा परत फिरणारी. आपण त्यांना हसतो. मीही हसले. परळच्या एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं क्लार्क आहे, आणि तिथे हसायला कारण रोज मिळतं असं नाही. मिळालं तर मी सोडत नाही.

आमच्याकडे आल्या तेव्हा बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत, विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकलेल्या. लग्न केलं नव्हतं. अकरा वर्षं परदेशातल्या एका शाळेत गणित शिकवत होत्या. तिथे लढाई पेटली तेव्हा आपल्या सरकारने आपली माणसं विमानाने परत आणली, त्यात बाई आल्या. आमच्याकडे चौथीवर तात्पुरती नेमणूक मिळाली. देशाचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांनाच ते आवडायचं नाही. "नाव घेतलं की लोक लगेच विचारतात, चूक कोणाची? मुलं कशी आहेत ते कोणी विचारत नाही," असं त्या म्हणायच्या.

आमचे शिपाई सावंतमामा मालवणचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तोंडावर विचारलं, "बाईनू, तुमी शिकवूक इलास काय दारां बघूक?"

"दोन्ही, मामा," बाई म्हणाल्या. "आधी दारं."

शाळेतली सगळी दारं त्यांनी आठवड्याभरात बघून टाकली. राहिलं फक्त एक, मागच्या जिन्याच्या तळाचं. हा जिना वरच्या मजल्यावरून थेट मागच्या गल्लीत उतरतो. पण त्याच्या खालच्या पायऱ्यांवर गल्लीतल्या गणपती मंडळाचे बांबू, प्लायवूड आणि मखराच्या कमानी ठेवलेल्या असायच्या. कधीपासून, ते कोणालाच आठवत नाही. दाराला कुलूप गल्लीच्या बाजूने, आणि किल्ली मंडळाच्या सुताराकडे. लालबाग-परळमध्ये मंडळाला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि आम्हाला तशी कधी गरजही वाटली नव्हती.

"ताई, ते दार मी पाहिलेलं नाही," बाई मला म्हणाल्या.

"गणपती झाले की किल्ली मागून घेते," मी म्हटलं.

गणपती झाले. मग नवरात्र आलं. मग सहामाही परीक्षा. बाईंनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा नवी सबब दिली. खरं सांगायचं तर मंडळाच्या पोरांशी वाद घालायचा मला कंटाळा होता.

मधल्या सुट्टीत बाई माझ्या ऑफिसात येऊन बसायच्या, कारण शाळेच्या आत नेटवर्क फक्त तिथेच यायचं. बरोबर एक जाडसर, पाण्याने फुगलेलं हजेरीपुस्तक असायचं. तिकडच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गाचं. डावीकडे तिथल्या लिपीतली नावं, शेजारी बाईंनी देवनागरीत लिहिलेली. तिकडच्या शाळेतल्या शेवटच्या दिवशी ते पुस्तक त्यांच्या काखेत होतं म्हणून तेवढं त्यांच्याबरोबर आलं. रोज त्या एका मुलाच्या घरी फोन लावायच्या. लागला, मूल सुखरूप आहे असं कळलं, की नावापुढे लाल पेनाने बरोबरची खूण करायच्या. काही घरांतून दुसरंच ऐकायला मिळायचं. अशा दिवशी बाई नावाखाली एक रेघ ओढून पुस्तक मिटायच्या आणि मी उगाच फायली लावत राहायचे.

नऊ नावांपुढे काहीच नव्हतं. फोन वाजायचा आणि कोणी उचलायचं नाही. एकदा मी सहज म्हटलं, "बाई, ह्यांच्यापुढे गैरहजर लिहा ना. पान पूर्ण तरी होईल."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "माहीत नसेल तर मोकळं ठेवायचं, ताई," त्या हळू म्हणाल्या. "गैरहजर लिहिलं की मग कोणी शोधत नाही."

पुढे आपल्याकडेही सीमेवर वातावरण तापलं. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. टीव्हीवर रात्रंदिवस नकाशे आणि बाण. चौथीतली मुलं कागदाची विमानं करून एकमेकांवर टाकत होती, बाकांवर चढून घोषणा देत होती. बाईंनी ओरडून गप्प केलं नाही. त्या फक्त वर्गातली दप्तरं वाटेतून उचलून भिंतीला लावत राहिल्या. त्यांचं जेवण तुटलं होतं, डबा तसाच परत जायचा. एकदा खाली गल्लीत कोणीतरी टेम्पोचा मागचा फाळका आपटला, तर बाई क्षणात वर्गाच्या दारात हात पसरून उभ्या. मुलं हसली. मला मात्र हसू आलं नाही.

मग पत्र आलं, शाळेने धोक्याच्या भोंग्याची तालीम घ्यावी. गिरण्यांचे भोंगे ऐकत मोठी झालेली मी, मला भोंग्याचं काय भय! कुठला वर्ग कुठल्या जिन्याने उतरणार याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. दर वर्षी मी सुरक्षेचा एक फॉर्म भरते. त्यात एक प्रश्न असतो, दोन्ही जिने मोकळे आहेत का? मी दर वर्षी मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवते आणि तसाच उतरवते. त्यात 'होय' असतं, म्हणून मी 'होय' लिहिते. तक्ताही मी त्या फॉर्मवरूनच केला. पहिली-दुसरी पुढच्या जिन्याने, तिसरी-चौथी मागच्या.

बाईंनी तक्ता वाचला आणि सरळ माझ्याकडे आल्या. "ताई, ते दार मी अजून पाहिलेलं नाही."

"आज सांगते सुताराला. कुलूप काढून ठेवेल," मी म्हटलं. सुताराला निरोप दिलाही. पण मी नुसतं 'उद्या सकाळी' म्हटलं, किती वाजता ते सांगायचं राहिलं. बांबूंचं तर मला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. आधी तिसरीचा वर्ग जिना उतरला, मागोमाग चौथी. मी पुढच्या अंगणात यादी घेऊन उभी होते. पहिली आली, दुसरी आली. तिसरी-चौथीने गल्लीतून वळसा घेऊन यायचं होतं. कोणी आलं नाही. मग भोंगा थांबला आणि मागच्या बाजूने मुलांच्या रडण्याचा आवाज आला.

मी गल्लीत पोचले तेव्हा सुतार धावत येऊन कुलूप काढत होता. कुलूप निघालं, पण दार हलेना. ते आत उघडणारं दार. आतून तिसरीची मुलं त्याला चिकटलेली, बाजूला बांबूंचा भारा, त्यामुळे सरकायला जागा नाही, आणि वरची मुलं भोंग्याला घाबरून खाली रेटतायत. सुतार ढकलत होता, मी ढकलत होते. आतून कोणीतरी "आई गं, आई गं" करत होतं. ढकलायचं थांबवावं की आणखी जोर लावावा तेही मला कळेना.

तेवढ्यात वरून बाईंचा आवाज आला. एरवी बोलतात तसाच, फक्त मोठा. "चौथी, जिथे आहात तिथे खाली बसा. कोणी उभं राहायचं नाही. आता सगळ्यात वरची पायरी उठेल आणि माझ्याकडे येईल. बास. आता दुसरी पायरी." एकेका पायरीने त्यांनी तो जिना वरून रिकामा केला. मग दार बोटभर हललं, मग हातभर. एका मुलाची हनुवटी फुटली होती, एका मुलीचा चष्मा मोडला होता. बाकी सगळी धड होती. बाई वरच्या पायरीवर उभ्या राहून मुलं मोजत होत्या. दोनदा मोजली, मग तिसऱ्यांदा. त्यानंतर त्या तिथेच पायरीवर बसल्या.

त्या दिवशी ऑफिसात चहा पिता पिता त्या पहिल्यांदा तिकडचं बोलल्या. मी माफी मागत होते, ती त्यांच्या कानात शिरत नव्हती.

"आमच्या शाळेत बंदूकवाले आधी पाहुण्यासारखे आले, ताई. तळमजल्याच्या दोन खोल्या मागितल्या. मुलांना बिस्किटं वाटली. एकदा मीच त्यांना चहा नेऊन दिला. मग ते गच्चीवर चढले. मग दुसऱ्या बाजूच्यांनी गच्चीवर नेम धरला. खाली वर्ग भरलेत हे त्यांना माहीत होतं. यांनाही माहीत होतं."

सावंतमामा दारात उभे होते. त्यांनी भोंग्याच्या तालमीचं रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं आणि तिथेच थांबले.

"पहिला गोळा अंगणात पडला. कोणाला काही झालं नाही. मुलं दाराकडे धावली. दार आत उघडायचं. मी पुढे होते. कडी मी काढली होती हो, काढली होती. पण मुलं दाराला अशी चिकटली की ओढायला जागाच राहिली नाही. दुसरा गोळा पडला तेव्हा मी ओढतच होते."

चहावर साय धरली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

संध्याकाळी मी स्वतः मंडळात गेले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. वाद घालायची वेळच आली नाही. सुताराचा मुलगा तिसरीत होता, आणि हनुवटी त्याचीच फुटली होती. त्याच रात्री बांबू हलले. रविवारी सुताराने दार चौकटीतून काढलं, बिजागऱ्या उलट्या बाजूला बसवल्या आणि दार गल्लीत उघडणारं केलं. बाई शेजारी उभ्या राहून सगळं टिपून घेत होत्या. सावंतमामांनी दारापुढे पांढऱ्या रंगाची चौकट आखली आणि त्यात स्कूटर लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सुरुवात केली.

आपल्याकडचं वातावरण निवळलं. टीव्हीवरचे नकाशे गेले, क्रिकेट परत आलं. तिकडची लढाई थांबली नाही. एका दुपारी बाईंचा फोन आपणहून वाजला. मोकळ्या नऊ नावांतली एक मुलगी. आता चौदा-पंधरा वर्षांची. एका गावात कोणाच्या तरी तळघरात ती लहान मुलांना शिकवत होती. बाईंनी लाल खूण केली आणि पेनाचं टोपण किती तरी वेळ लावलं नाही.

आठवड्याने त्यांनी माझ्याकडून बिनपगारी रजेचा अर्ज टाइप करून घेतला.

"बाई, डोकं फिरलंय का? मरायला चाललात तिकडे?" मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले.

"शिकवायला चाललेय. ती एकटी किती मुलांना सांभाळेल? आणि तिला गणित येत नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तिथे गेल्यावर आधी दार बघेन, ताई. काळजी करू नका."

तीन आठवड्यांनी त्यांचा आवाज व्हॉट्सॲपवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "ताई, पोचले. मुलं बरी आहेत. भिंती चांगल्या जाड आहेत. पण दार आत उघडतं हो. इथे एक सुतार मिळालाय, त्याला सांगून कळत नाहीये. मी टिपलेला कागद सामानात कुठे गेला कोण जाणे. आपल्या मागच्या दाराच्या बिजागरीचा फोटो पाठवता का? जवळून. लवकर पाठवा."

त्या दिवशी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. मी लिहिलं, 'उद्या सकाळी पाठवते.' दुसऱ्या दिवशी वेबसाइट बंद पडली आणि तारीख वाढवून घेण्यात सगळा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरले, चांगले चार फोटो काढले, बंद दाराचे, उघड्या दाराचे, बिजागरीचे, स्क्रूचे. पाठवले.

महिना संपला, बाईंची रजाही संपली. मुख्याध्यापक मस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बाईंच्या रकान्यात काय टाकायचं? गैरहजर टाका."

"नको सर. मोकळं ठेवते."

"असं चालत नाही. वरून विचारतील."

"विचारू देत. मला माहीत नाही, सर. माहीत नसताना गैरहजर कसं लिहू?"

सर मस्टर माझ्याकडेच ठेवून गेले. अजून तो रकाना मोकळा आहे. सुरक्षेचा फॉर्म मात्र यंदा मी मागचा समोर न ठेवता भरला.

मधल्या सुट्टीत मी मागच्या जिन्याने खाली जाते. दार बोटाने ढकललं तरी गल्लीत उघडतं, सुताराने काम चोख केलंय. गल्लीत उभी राहून मी फोन काढते. चारही फोटोंखाली अजून एकच टिक आहे.