आमच्यासाठी उठू नका

ताठ उभं राहणं ही माणसाची सर्वांत मोठी कमाई आहे म्हणतात. हदगावच्या आमच्या बँकेत मात्र ते चालत नसे. टेबल वरखाली करणाऱ्या मोटारीची घरघर ऐकली की ते दिवस आठवतात. कंबरदुखीपायी नोकरी सोडायच्या बेतात असलेल्या आमच्या कॅशियर बाईंसाठी बटणाने वरखाली होणारं टेबल आलं. त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तर खिडकीतले म्हातारबाबा हात जोडून ओशाळले, “मॅडम, बसा, बसा! आमच्यासाठी कामून उठून राहिल्या?” चारचौघांत कंबरेचं काय सांगायचं, म्हणून त्या बसल्या. ते गेले की उठायच्या, पुढचा माणूस पुन्हा बसवायचा. हळूहळू कंबर दुखायची थांबली. डॉक्टरांनीही एवढंच सांगितलं होतं, ऊठबस करत राहा. आता लातूरला माझ्याकडेही तसलंच टेबल आहे. मला कुणी बसा म्हणत नाही. कंबर दुखते.